जुना पियानो नेमका कोणाचा? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या आजोबांनी इंग्रज गेले तेव्हा देवळाली कॅम्पातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून उभा पियानो विकत घेतला, तो अजून नाशिकच्या घरात आहे. घरात सगळे सांगतात की त्याआधी तो मुंबईच्या गव्हर्नरच्या बंगल्यात होता. पण कागद एकही नाही. समोर मेणबत्तीसाठी दोन पितळी स्टँड आहेत, आत कधी कोणी बघितलेलं नाही. भाऊ म्हणतो भंगारात देऊन टाकू, मला ते अजिबात पटत नाही. खरा इतिहास कसा शोधायचा?

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा. पियानो उघडून बघेपर्यंत तो हलवायचा नाही, एवढं घरात ठरवून टाका, कारण कागद नाही म्हणता तो बहुतेक पियानोच्या आतच आहे.

वरचं झाकण उचला आणि टॉर्च मारा. आत लोखंडी फ्रेम दिसेल, तिच्यावर किंवा आतल्या लाकडावर चार-पाच किंवा सहा आकडी नंबर ठोकलेला किंवा छापलेला असतो, तो सिरीयल नंबर. तिथं नसेल तर ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्या कारागिराला बोलवा, तो समोरचं पॅनेल काढून बोटांनी वाजवायच्या पट्ट्यांतली डावीकडची अगदी पहिली पट्टी बाहेर काढेल, तिच्या अंगावर बघायचं. मोठ्या कंपन्यांचे कुठल्या साली कुठपर्यंत नंबर गेले याचे तक्ते छापलेले आहेत, जुने ट्यूनर ते बाळगून असतात, त्यावरून साल कळतं. पण समोर सोनेरी अक्षरात लिहिलेल्या नावावर लगेच विश्वास ठेवू नका हं, त्या काळी बरेच दुकानदार दुसऱ्याच कारखान्यात पियानो बनवून घ्यायचे आणि त्यावर स्वतःचं नाव टाकायचे. मेणबत्तीचे स्टँडही फक्त अंदाज देतात, म्हणजे वीज घरोघरी यायच्या आधीची ती पद्धत, पण नंतरही काही वर्षं शोभेसाठी लावत होते. त्यापेक्षा झाकणाच्या आत कंपनीला प्रदर्शनांत मिळालेली मेडल्स छापलेली आहेत का बघा, शेवटच्या मेडलवर जे साल असेल त्याच्या आधी तो पियानो बनलेला असूच शकत नाही.

आता गव्हर्नरची गोष्ट. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण नुसत्या सांगण्यावर ती उभी राहत नाही, आणि हे मी एवढं जोर देऊन का सांगते तर स्पेनच्या मायोर्का बेटावर जे झालं त्यामुळे. १८३८ च्या हिवाळ्यात शोपँ हा संगीतकार लेखिका जॉर्ज सँड आणि तिच्या मुलांबरोबर वाल्देमोस्सा गावच्या रिकाम्या मठात राहायला गेला, तब्येत फार बिघडलेली, आणि पॅरिसहून प्लेयेल कंपनीने पाठवलेला छोटा उभा पियानो कस्टममध्ये अडकलेला. तोपर्यंत त्याने तिथल्याच एका कारागिराने, हुआन बाउझाने, बनवलेल्या साध्या पियानोवर काम चालवलं. प्लेयेल जानेवारी १८३९ मध्ये मठात पोचला आणि फेब्रुवारीत ही मंडळी बेट सोडून निघाली, म्हणजे जेमतेम काही आठवडे तो वाजवला गेला. परत न्यायचा खर्च नको म्हणून तो बेटावरच्या पाल्मा शहरातल्या कानूत नावाच्या बँकर कुटुंबाला विकला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडेच राहिला. त्याचा नंबर ६६६८, आज तो त्याच मठात चार नंबरच्या खोलीत आहे.

पण त्याच मठात दोन नंबरच्या खोलीतही अनेक वर्षं एक पियानो शोपँचा म्हणून दाखवला जात होता! लोक तिकीट काढून दोन्ही बघायचे. शेवटी भांडण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये पाल्माच्या न्यायाधीशांनी सांगितलं की दोन नंबरमधला पियानो शोपँ येऊन गेल्यानंतर बनलेला आहे, त्यामुळे तो त्याचा असणं शक्यच नाही. इतक्या वर्षांची श्रद्धा, आणि निकाल लागला तो वाद्य कधी बनलं यावर.

आणि तो बाउझाचा साधा पियानो? त्याची कहाणी तर मला सगळ्यात जास्त लागते. जवळजवळ सत्तर वर्षं तो तिथंच पडून होता, मग १९११ मध्ये वांदा लांडोव्हस्का ही मोठी वादक तिथं गेली, तिने तो बघितला आणि १९१३ मध्ये विकत घेऊन बर्लिनला नेला, पुढे फ्रान्समधल्या आपल्या घरी. ती ज्यू कुटुंबातली. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा तिला घर सोडून पळावं लागलं आणि नाझींच्या पथकाने तिची वाद्यं, पुस्तकं, हस्तलिखितं सगळं पेट्यांत भरून उचलून नेलं, त्यात हा पियानोही गेला. युद्धानंतर तो सापडला आणि फ्रान्सला परत पाठवला गेला, पण लांडोव्हस्का तोपर्यंत अमेरिकेत स्थिरावली होती आणि १९५९ मध्ये तिथंच वारली. एका गावठी कारागिराने बनवलेलं वाद्य, पण कोणाकोणाच्या हातातून गेलं हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून आपण आज त्याबद्दल बोलू शकतो.

तेव्हा तुमच्यासाठी काम असं. नंबरावरून साल काढा, ते गव्हर्नरच्या गोष्टीशी जुळतं का बघा. पियानो ब्रॉडवूडचा निघाला तर नशीब समजा, त्या कंपनीच्या जुन्या वह्या इंग्लंडमध्ये वोकिंगच्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये जपलेल्या आहेत आणि त्यांत कुठला नंबर कोणाच्या घरी पोचवला याच्या रोजच्या नोंदीसुद्धा आहेत. स्टाइनवे असेल तर कंपनीलाच नंबर कळवून विचारा. मग आतल्या लाकडावर आणि पट्ट्यांच्या बाजूंवर पेन्सिलीने लिहिलेलं काही दिसतं का ते शोधा, जुने ट्यूनर तारीख आणि सही टाकून जायचे, कधी गावाचं नावही. अशा तारखा ओळीने लावल्या तर पियानो कुठे कुठे होता हे बऱ्यापैकी समजतं. पट्ट्यांखाली पडलेली नाणी, चिठ्ठ्या, सुया फेकू नका, प्रत्येकाचा फोटो काढा. आणि घरात जे वयस्कर आहेत त्यांचं बोलणं फोनवर आजच रेकॉर्ड करा, अधिकाऱ्याचं नाव, किती पैसे दिले, बैलगाडीने आणला की ट्रकने, सगळं विचारा.

प्रश्न : आमच्या वसईच्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत असं एक गिऱ्हाईक म्हणतंय आणि फक्त पट्ट्या विकत मागतंय. द्याव्यात का?

उत्तर : काका, अजिबात देऊ नका. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये देशी हस्तिदंत आणि १९९१ मध्ये बाहेरून आणलेला आफ्रिकन हस्तिदंतही आला. इंग्लंडमध्ये १९७५ पूर्वीच्या वाद्यांना त्यात थोडाच हस्तिदंत असेल तर नोंदणी करून सूट मिळते, तो नियम तिथला, आपल्याला लागू नाही, त्यामुळे नेटवर वाचून गोंधळू नका. अख्खा पियानो विकायचा म्हटलात तरी आधी वनविभागात विचारा.

ओळखायचं असेल तर पांढऱ्या पट्टीवर काळ्या पट्टीच्या टोकाजवळ आडवी बारीक रेघ आहे का बघा, हस्तिदंताचा तुकडा बहुतेक दोन भागांत लावलेला असतो, आणि तिरक्या उजेडात त्यात बारीक रेषा दिसतात. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, सलग एकसारखं दिसतं. गरम सुई लावून बघा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सेल्युलॉइड भर्रकन पेट घेतं.

प्रश्न : शंभर वर्षांचा पियानो म्हणजे लाखोंची किंमत ना? विकण्याआधी पॉलिश करून घेऊ का? – डोंबिवली

उत्तर : नुसत्या वयाला किंमत नाही हो. त्या काळात उभे पियानो प्रचंड संख्येने बनले, त्यामुळे दुर्मीळ म्हणता येत नाहीत, आणि आतल्या ट्यूनिंगच्या खुंट्या सैल झाल्या असतील तर दुरुस्तीचा खर्चच किमतीपेक्षा जास्त होतो. बीटल्सवाल्या जॉन लेननने डिसेंबर १९७० मध्ये घेतलेला साधा स्टाइनवे उभा पियानो २००० साली गायक जॉर्ज मायकेलने १४ लाख ५० हजार पौंडांना घेतला, ते त्याच्यावर ‘इमॅजिन’ हे गाणं रचलं गेलं म्हणून, आणि मुख्य म्हणजे तो लेननचाच असल्याची खात्री होती म्हणून. त्याच्यावर लेननच्या सिगरेटचे डाग अजून आहेत, कोणी ते घासून काढले नाहीत. मायकेलने तो घरात कोंडून ठेवला नाही, लिव्हरपूलच्या संग्रहालयात लोकांना बघायला ठेवला, मला हे फार आवडलं.

म्हणून पॉलिशची घाई करू नका. पॉलिशवाला आधी सगळं खरवडतो, त्यात झाकणावरचं नाव, मेडल्स, दुकानाचा छाप जातो, आणि नेमकं त्यावरूनच पियानो कुठला ते कळतं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, वाळवी आहे का ते मागून आणि खालून बघा. ट्यूनिंग करताना बरीच वर्षं न वाजलेल्या तारा एका दिवसात पूर्ण सुरात ओढायला सांगू नका, सगळ्या तारा मिळून फ्रेमवर १५-२० टनांचा ताण असतो, घाई केली की गंजलेल्या तारा तुटतात. थोडं थोडं चढवायला सांगा, दोन-तीन वेळा बोलवावं लागलं तरी चालेल.