आईला घरी एनॉक्सापॅरिन देताना : सुई, नोंद आणि सांगून ठेवायच्या गोष्टी

आपण विचारले आहे की, खुब्याचे हाड मोडल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या आईंना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून २८ दिवस रोज एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घ्यायचे आहे, घरी येणाऱ्या सिस्टर तीनच दिवस येणार आहेत, तर त्यानंतर ते आपण आणि आपल्या बहिणीने आळीपाळीने द्यावे का, पोटावर उमटलेले काळेनिळे डाग काळजीचे आहेत का, आणि सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढून टाकायचा की नाही. मी डॉक्टर नाही. मात्र माझ्या वडिलांना अशाच शस्त्रक्रियेनंतर ३५ दिवस आणि नंतर माझ्या सिझेरियननंतर सहा आठवडे मला स्वतःला, अशी दोन वेळा ही इंजेक्शने मी परळच्या आमच्या घरी दिली आणि घेतली आहेत. त्यातून माझे ठाम मत झाले आहे की, सुई टोचणे हा यातला सोपा भाग आहे. ते आपण नक्की शिकाल. कोणी, कधी, किती दिले याची नोंद ठेवणे आणि आईंच्या औषधपाण्याशी व देखभालीशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगणे, हा कठीण भाग आहे, आणि चुका होतात त्या तिथेच.

आधी बुडबुड्याचे उत्तर देते. आईंना पूर्ण ४० मिलिग्रॅमची, कंपनीने आधीच भरलेली सिरिंज द्यायची असेल, तर तो बुडबुडा काढायचा नाही. तो काढण्याच्या प्रयत्नात औषधाचे थेंब बाहेर पडतात आणि मात्रा कमी होते. हे इंजेक्शन शिरेत न देता त्वचेखालच्या चरबीत देतात, त्यामुळे त्या एवढ्याशा हवेने अपाय होत नाही. डॉक्टरांनी भरलेल्या सिरिंजपेक्षा कमी मात्रा सांगितली असेल, तर मात्र जादा औषध टाकून द्यावे लागते, आणि ते कसे करायचे हे सिस्टरकडून प्रत्यक्ष पाहूनच शिकावे.

मात्रेबद्दल आणखी एक गोष्ट. काही खोक्यांवर ४० मिलिग्रॅम लिहिलेले असते, तर काहींवर ४००० आययू (आंतरराष्ट्रीय एकके). एनॉक्सापॅरिनच्या बाबतीत या दोन्ही एकच आहेत, आणि सिरिंजमध्ये औषध ०.४ मिलिलिटर असते. पण हे समीकरण फक्त एनॉक्सापॅरिनपुरतेच खरे आहे. साधे हेपॅरिन, डाल्टेपॅरिन, फोंडापॅरिनक्स हीही गुठळी रोखणारीच, पण वेगळी औषधे आहेत आणि त्यांची मात्रा एकमेकांच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. मेडिकलमध्ये ठरलेल्या कंपनीचे इंजेक्शन नसेल आणि दुकानदाराने दुसरे देऊ केले, तर कंपनीचे नाव बदललेले चालू शकते. औषधाचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा मात्र चिठ्ठीशी जुळवूनच पैसे द्यावेत. आम्ही जुन्या खोक्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला होता आणि प्रत्येक खरेदीच्या वेळी तो समोर धरून वाचत होतो.

आता टोचण्याविषयी. आईंना पलंगावर उशीला टेकवून, पोट सैल राहील असे बसवावे. साबणाने हात धुवावेत. जागा बेंबीपासून किमान दोन इंच लांब, पोटाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला निवडावी, आणि आज उजवीकडे दिले तर उद्या डावीकडे द्यावे. जुना वण, आधीचा काळानिळा डाग किंवा कडक झालेली जागा टाळावी. परकराची नाडी जिथे आवळली जाते ती रेषाही टाळावी, हे मला आमच्याकडे येणाऱ्या सिस्टरनी सांगितले. आईंना मधुमेह असून त्या पोटावरच इन्सुलिन घेत असतील, तर दोन्ही इंजेक्शनांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर कातडी पूर्ण वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की उगाच चुरचुरते. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्वचेची जाड घडी धरून सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत घालावी, दट्ट्या अगदी सावकाश शेवटपर्यंत दाबावा आणि सुई सरळ बाहेर काढेपर्यंत चिमटी सोडू नये. त्यानंतर ती जागा चोळायची नाही. कोरड्या कापसाने हलके दाबून धरणे पुरेसे असते.

चोळणे हे डाग वाढण्याचे एक मोठे कारण आहे. आपल्या घरांत टोचल्यावर चोळायचे हे हाताला इतके सवयीचे असते की, मी स्वतःला इंजेक्शन घेतानाही पहिल्या आठवड्यात दोनदा नकळत चोळले, आणि दोन्ही वेळा तळहाताएवढा डाग पडला. टोचलेल्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा निळसर डाग पडणे, तो काही दिवसांनी हिरवट-पिवळा होऊन जाणे, आणि जागा थोडी दुखणे हे नेहमीचे आहे. डाग रोज मोठा होत असेल, तिथे टणक, दुखरी गाठ येत असेल, किंवा न टोचलेल्या ठिकाणी, म्हणजे दंडावर, पाठीवर, पायांवर, आपोआप डाग उठत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पहिले इंजेक्शन आपण सिस्टर शेजारी उभ्या असतानाच द्यावे. तीन दिवस त्यांना देताना पाहण्यापेक्षा एक दिवस त्यांनी आपल्याला देताना पाहावे, हे जास्त उपयोगाचे आहे. आपण आणि आपल्या बहिणीने, दोघांनीही.

आता नोंदीविषयी. बाबांच्या वेळी मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघे होतो, आणि रात्री आठची वेळ ठरलेली होती. जुलैमधल्या एका संध्याकाळी पावसामुळे लोकल रखडल्या, मला घरी यायला दहा वाजले. भाऊ मुलुंडहून आधीच येऊन इंजेक्शन देऊन परत गेला होता. बाबांना गुंगी होती, त्यांनी काही सांगितले नाही, आणि मी दुसरे दिले. खोक्यातल्या सिरिंजा मोजल्यावर चूक लक्षात आली. डॉक्टरांना रात्रीच फोन केला. त्यांनी रक्तस्रावाची लक्षणे कोणती पाहायची ते सांगितले, सकाळी तपासणीला बोलावले आणि पुढची मात्रा ते सांगतील तेव्हाच द्यायची असे बजावले. सुदैवाने काही झाले नाही, पण ती रात्र मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात वेळ, बाजू (उ किंवा डा) आणि देणाऱ्याचे आद्याक्षर लिहायचे आणि लिहिल्यावरच वापरलेली सिरिंज टाकायची, असा नियम केला. मोबाईलवरचा निरोप पुरेसा नाही, कारण तो पाहिला गेला की नाही हे आईंच्या पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. चौकोन रिकामा असेल तरच इंजेक्शन द्यायचे.

एखाद्या दिवशी विसरलेच, तर साधारण नियम असा की आठवण होताच द्यावे. पण पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली मात्रा सोडून द्यावी आणि दोन मात्रा एकत्र कधीही देऊ नयेत. आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न आजच विचारून उत्तर त्याच कालनिर्णयाच्या कडेला लिहून ठेवा.

आता सांगून ठेवण्याविषयी, आणि इथे मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ‘रक्त पातळ करणारे’ असे आपण म्हणतो, पण या औषधाने रक्त पाण्यासारखे होत नाही. रक्तात मुळातच असलेल्या, गुठळी रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाची ताकद ते वाढवते. त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो, आणि रक्त गोठण्याच्या आड येणारे दुसरे औषध सोबत गेले की धोका वाढतो. घरातले दुखण्यावरचे सर्वांत सवयीचे औषध नेमके तसे असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन आणि ते मिसळलेल्या अनेक गोळ्या मेडिकलमध्ये सहज मिळतात. आईंना पाय दुखतो म्हणून शेजारच्या काकू प्रेमाने स्वतःच्या डब्यातली गोळी देतील. म्हणून काय द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. बहुधा ते पॅरासिटामॉल सांगतात, त्यांनी ठरवलेल्या मर्यादेत. याउलट आईंना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल, तर ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दोन्ही औषधे चालू आहेत हे डॉक्टरांना ठाऊक आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

फॅमिली डॉक्टरांकडे गेल्यावर कंबरेत किंवा दंडात दिले जाणारे इंजेक्शन हा दुसरा धोका. हे औषध चालू असताना स्नायूत खोल टोचले तर आत रक्त साकळू शकते, म्हणून तिथे खुर्चीत बसण्याआधीच सांगावे. दातांच्या डॉक्टरांनाही सांगावे. आणि घरी मालिश करायला येणाऱ्या बाईंनाही सांगावे, कारण शस्त्रक्रियेनंतर पाय सुजला की तेल लावून पोटरी रगडणे हा आपल्याकडचा जुना उपचार आहे. ती सूज गुठळीची असेल, तर रगडल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. सुजलेल्या पोटरीला डॉक्टरांनी पाहण्याआधी हात लावू देऊ नये. फिजिओथेरपिस्ट सांगतील ते घोट्याचे व्यायाम आणि वॉकरने चालणे मात्र न चुकता करून घ्यावे.

आणखी एक गैरसमज आमच्याकडेही होता. पालेभाज्या बंद करायच्या हे पथ्य या इंजेक्शनाचे नाही. वॉरफेरिन किंवा असिट्रॉमसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर ‘के’ जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, आणि तिथेही पालेभाजी बंद करण्यापेक्षा रोजचे प्रमाण सारखे ठेवायला सांगतात. आईंना मेथी, पालक खुशाल द्यावे. लसणीच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, काढे वगैरे मात्र विचारल्याशिवाय देऊ नयेत. एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळणाऱ्या हेपॅरिनपासून बनते. ज्या घरांत याला श्रद्धेमुळे महत्त्व आहे त्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, कारण फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या तयार केलेले औषध आहे.

डॉक्टरांना विचारायच्या दोन तपासण्या आहेत. पहिली क्रिएटिनिन, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि वयामुळे मूत्रपिंडाचे काम फार मंदावलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते. दुसरी प्लेटलेट. हेपॅरिनच्या जातीच्या औषधांनी क्वचित, साधारणतः पाचव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान, प्लेटलेट झपाट्याने उतरतात आणि त्याच वेळी उलट नव्या गुठळ्या होऊ शकतात. आईंना पूर्वी कधी हेपॅरिनचा त्रास झाला असेल, तर तो आवर्जून सांगावा.

काळी, डांबरासारखी शौचास होणे, लघवीत किंवा उलटीत रक्त, नाक दहा-पंधरा मिनिटे दाबूनही न थांबणारे रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलण्यात किंवा हालचालीत फरक, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आईंची शस्त्रक्रिया पाठीत भूल देऊन झाली असेल, तर पायांत नव्याने आलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा, किंवा लघवीवरचा ताबा जाणे, हेही तितकेच तातडीचे आहे. त्या न्हाणीघरात पडल्या आणि डोके आपटले, तर वरून खोक दिसत नसली आणि त्या ‘मी ठीक आहे’ म्हणत असल्या तरी रुग्णालयात न्यावे. एकाच पायाची पोटरी सुजणे, दम लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे ही गुठळीची चिन्हे आहेत आणि इंजेक्शन चालू असतानाही ती दिसू शकतात. अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना शेवटचे इंजेक्शन किती वाजता दिले ते सर्वप्रथम सांगावे. ती वेळ भिंतीवर लिहिलेली असेल.

साठवणीचे थोडक्यात : खोक्यावर बहुधा २५ अंशांखाली ठेवण्याची सूचना असते, आणि औषध गोठू द्यायचे नसते. मुंबईच्या उन्हाळ्यात सगळी २८ इंजेक्शने एकदम न आणता आठवड्यापुरती आणावीत आणि ओट्यापासून, खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवावीत.

वापरलेल्या सुयांविषयी मात्र मनापासून विनंती आहे. सुईवर टोपण परत बसवू नये, आणि ती सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये, कारण ती पिशवी सकाळी कोणीतरी हाताने उघडते. घरातल्या सुया आणि सिरिंजा हा घातक कचरा आहे आणि तो वेगळा देणे हे आपले काम आहे. कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यावी, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘सुया’ लिहावे, आणि पाऊण भरली की जिथे त्या घेतल्या जातात अशा रुग्णालयात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आधी विचारून, नेऊन द्यावी.

शेवटची गोष्ट दिवसांची. पंधराव्या-सोळाव्या दिवशी आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागतील आणि घरात कोणीतरी म्हणेल की आता चालतात, तर रोज टोचणे कशाला. बाबांनी स्वतःच ते म्हटले होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुठळीचा धोका चालू लागल्यावर लगेच संपत नाही, काही आठवडे राहतो, म्हणूनच डॉक्टर चार-पाच आठवड्यांचा हिशेब करतात. कालनिर्णयावर २८ व्या दिवसाच्या चौकोनावर आजच गोल करून ठेवा, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी थांबायचे, की पुढे गोळी सुरू करायची आहे.