तुझ्या चौथ्या चॅप्टरबद्दल

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोष्टीची फाईल परवा रात्री उघडली ती दीड वाजेपर्यंत वाचतच बसले, दोघं बहीणभाऊ इतके जिवंत झालेत ना की धाकट्याला ताप येतो तिथे मलाच काळजी वाटायला लागली. पण आता खरं सांगते, तुझ्या गोष्टीतल्या दुष्ट काकाची भीती वाटत नाही. भुयार दिलंस त्याला, नकली दाढी दिलीस, रात्री-अपरात्री फोन करायला लावलंस, तरी नाही. कारण चौथ्या चॅप्टरमध्ये शेजारच्या काकू म्हणतात "मला आधीपासूनच संशय होता" आणि तिथेच सगळं संपतं, मोठं माणूस पाठीशी उभं राहिलं की मग मुलांनी कशाला घाबरायचं?

'द बॅड बिगिनिंग' वाच, कुठूनही मिळव. १९९९ चं आहे, डॅनियल हँडलरने लेमनी स्निकेट या नावाने लिहिलेलं, तेरा पुस्तकांतलं पहिलं. सिनेमा नी वेबसिरीज पण आहे पण तेवढ्यावर भागवू नकोस, पुस्तकच वाच. आगीत आईवडील गेलेली तीन बोदलेअर भावंडं, व्हायोलेट चौदा वर्षांची, क्लाउस बारा, आणि सनी एकदम तान्ही, आणि त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून असलेला लांबचा नातेवाईक काउंट ओलाफ. हा ओलाफ सांगून जातो की माझ्या नाटक कंपनीतली दहा माणसं जेवायला येणारेत, स्वयंपाक करून ठेवा. पोरं शेजारच्या जज बाईंच्या लायब्ररीतून पुस्तक आणतात, ऑलिव्ह चिरतात, टोमॅटोचा सॉस शिजवतात, पास्ता उकडतात, सगळं नीट करतात गं, आणि तो येऊन विचारतो, रोस्ट बीफ कुठंय? जे कधी सांगितलंच नव्हतं ते. आणि क्लाउसच्या थोबाडीत मारतो.

पण मला विचारशील तर खरा भयंकर सीन हा नाहीच, तो दुसऱ्या दिवशीचा आहे. मुलं चालत बँकेत जातात, त्यांचा कारभार बघणाऱ्या मिस्टर पोंकडे, सगळं सांगतात, आणि तो सतत खोकणारा माणूस त्यांना 'इन लोको पॅरेंटिस' म्हणजे काय ते समजावतो, की ओलाफ आता पालकाच्या जागी आहे, त्याला योग्य वाटेल तसं तो वाढवेल. पो दुष्ट नाहीये. ऐकत नाही फक्त. लहानपणी आपण काहीतरी सांगायला गेलो आणि मोठ्यांनी "बरं बरं, जा खेळ" म्हटलं, ते पोटात खड्डा पडणं प्रत्येक मुलाला माहीत असतं, तुझ्या वाचकालाही.

आणि सुटका कशी होते बघ. ओलाफ नाटकाच्या आडून व्हायोलेटशी खरंखुरं कायदेशीर लग्न लावायला बघतो, कायदा म्हणतो वधूने स्वतःच्या हाताने सही करायची, ती उजव्या हाताची, म्हणून मुद्दाम डाव्या हाताने करते, आणि ते लग्नच कायद्याने ठरत नाही. आता पुस्तकाची सुरुवात उघड, ती बीचवर पाण्यात दगड फेकत असते आणि लेखक जाता जाता सांगून टाकतो की उजव्या हाताने फेकले की ते जास्त लांब जातात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे वाक्य नजरेतून पार निसटलं होतं, शेवट वाचून परत मागे गेले आणि कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले.

तुझी ताई पतंगाला कणी बांधते ते तू दुसऱ्याच पानावर किती छान लिहिलंयस, गाठ कशी, दोरा किती सोडायचा, आणि नंतर ते कुठे वापरलंच नाहीस! शेवटी गोदामातून पोलीस सोडवतात त्यांना. का? तिच्या बोटांत आहे ना ते.

तर काकूंना घरातून काढू नकोस, प्रेमळच राहू दे, चहा-बिस्किटंही देऊ देत, पण धाकटा बोलायला लागला की त्यांना वाटू दे की आईबाप गेल्यामुळे पोर बिथरलंय, आणि त्यांनी काकालाच फोन करून सांगावं, अगदी काळजीपोटी. भुयार काढलंस तरी चालेल. पुढचे चॅप्टर आत्ता हात लावू नकोस, हा चौथा एवढाच परत लिहून पाठव, रविवारी दुपारी मी मोकळी आहे, लगेच वाचते.

तुझी,
मावशी