मटण-चिकन कमी करून पालेभाज्या वाढवल्या तर खरंच बरं वाटतं का? किती दिवसांत?

हो, वाटतं. किती दिवसांत ते पुढे सांगतो. तुमचं वय ३६, आठवड्यातून पाच दिवस चिकन-मटण, जेवलं की अंग जड, प्रोटीनची काळजी, हे सगळं वाचलं. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. "भाजी वाढ म्हटलं की घरचे हसतात."

मी घणसोली गावचा, आगरी. रबाळ्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. कंपनीत वर्षातून एकदा मेडिकल होतं. २०१६ साली त्यात माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टर एवढंच म्हणाले, मटण कमी करा, पालेभाजी वाढवा. त्या रविवारी दादाकडे सगळे जेवायला जमलो होतो. मी ताटात दोनच तुकडे घेतले आणि वहिनीला विचारलं, माठाची भाजी आहे का? दादाचा हात थांबला. म्हणाला, "काय रं, माल घातलीस का?" गावात माळकरी पुष्कळ आहेत, ते मांस-मासळी खात नाहीत आणि त्यांना मान आहे. दादाने मात्र ते मानाने विचारलं नव्हतं. पंक्तीतले सगळे हसले. मी वाटी पुढे केली आणि आणखी मटण घेतलं. तो हात मी तेव्हा मागे घ्यायला हवा होता, हे मला अजून सलतं.

पुढे दोन वर्षं मी भाजीचं नाव काढलं नाही. २०१८ च्या मे महिन्यात पुतण्याची हळद होती. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दोन दिवस मटण, कलेजी, वर बिअर, पाणी जवळजवळ नाहीच. तिसऱ्या रात्री अडीचला जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यात आग लागल्यासारखी. सांधा लाल, टम्म सुजलेला, वरची चादर लागली तरी ओरडावंसं वाटत होतं. बायकोला वाटलं विंचू चावला. सकाळी डॉक्टरकडे गेलो, रक्त दिलं, युरिक अ‍ॅसिड आलं ६.४. पुरुषांत ७ पर्यंत नॉर्मल धरतात. दादाने रिपोर्ट हातात घेतला आणि सगळ्यांसमोर वाचला. "नॉर्मल हाय. नाचताना मार लागला आसंल." विषय संपला, असं त्याला वाटलं.

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत तपासायला सांगितलं होतं. तोवर सूज उतरलेली, मी कंटाळा करत होतो, बायकोने ढकलून पाठवलं. तेव्हा आकडा आला ९.२. दुखणं जोरात असताना रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल दिसू शकतं, म्हणून तेव्हाच्या रिपोर्टवर गाऊट (युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचून होणारा संधिवात) नाही असं ठरवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या घरात कुणाचा अंगठा असा सुजला आणि पहिला रिपोर्ट चांगला आला, तर सूज गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

मग दादाने दुसरा मुद्दा काढला, आणि हा वाद आमच्यात आजही चालू आहे. मोबाइलवर त्याला कुणीतरी पाठवलं होतं की युरिक अ‍ॅसिड वाढतं पालक, फ्लॉवर, वाटाणा आणि डाळींमुळे. तेव्हा भाजीच बंद कर, मटणाला नावं ठेवू नकोस. ही समजूत घणसोलीपासून ठाण्यापर्यंत मी शंभर तोंडांतून ऐकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. युरिक अ‍ॅसिड प्युरिन नावाच्या घटकापासून बनतं, आणि पालक-डाळींत प्युरिन असतं, इथपर्यंत दादा बरोबर. पण २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवली, कोण काय खातो आणि कुणाला गाऊट होतो. जास्त मांस आणि जास्त समुद्री मासळी खाणाऱ्यांत गाऊटचं प्रमाण जास्त निघालं. प्युरिन असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत ते वाढलेलं आढळलं नाही, आणि दूध-दही जास्त घेणाऱ्यांत तर कमी होतं. कलेजी, भेजा, गुर्दा यांत प्युरिन फार असतं आणि बिअर त्यात भर घालते. माझ्या हळदीच्या ताटात नेमकं हेच होतं. पालकाचं पान नव्हतं.

पण दादाचं एक म्हणणं मला मान्य करावं लागतं. तो म्हणतो, "तू बरा झालास गोलीनं, पाल्यानं नाय." माझं युरिक अ‍ॅसिड खाली आलं ते मुख्यतः डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने. नुसत्या खाण्याने ते थोडंच उतरतं, त्यामुळे भाजी खातोय म्हणून गोळी बंद करू नका. पालेभाजीने मला काय दिलं ते वेगळं आहे. पोट साफ व्हायला लागलं, मूळव्याधीचा त्रास गेला, सेकंड शिफ्टहून येऊन जेवल्यावर जो दगड बसायचा तो बसेनासा झाला, आणि सव्वा वर्षात नऊ किलो वजन उतरलं.

आता "आगऱ्याच्या घरात पाला कशाला" या हसण्याबद्दल. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण हे खोटं आहे. माझी आई ७८ वर्षांची आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली आली, ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्याच्या आधीचं जेवण तिला वार लावून सांगता येतं. खारातल्या शेतात भात, भात कापला की त्याच ओलीवर वाल. मटण हळदीला, जत्रेला, गटारीला. कोंबडी पाहुणा आला तर. खाडीची मासळी रोजची, निवट्या, बोय, चिंबोरी, पण ती माणशी चार घास. बाकी ताट भाताने आणि पाल्याने भरायचं. बांधावरचा कुर्डू आणि घोळ, पहिल्या पावसाचा टाकळा, डोंगरातून आलेली शेवळं, खाडीकाठची मोरस. मोरस अंगचीच खारट, तिच्यात मीठ घालत नाहीत. रोजचं चिकन आमच्याकडे जमिनीचा पैसा आल्यावर आलं, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट विकले गेल्यावर गल्लोगल्ली चिकनची दुकानं झाली. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे, त्याने हे सगळं पाहिलंय. मी अंगठा धरून बसलो होतो तेव्हा आई त्याला म्हणाली होती, "पाल्यानं कोन मेला नाय रं." त्याने उत्तर दिलं नाही.

म्हणून तुम्ही घरात "डाएट" हा शब्द काढू नका. आईला किंवा आजीला विचारा, तुमच्या लहानपणी काय शिजायचं. मग हसणं आपोआप कमी होतं, कारण आता ती त्यांची भाजी असते.

आमच्याकडे मी जे केलं ते असं. मांस बंद केलं नाही, त्याचं ताटातलं माप उलटं केलं. लाल माठ लसूण-मिरचीवर परतून त्यात मूठभर जवळा, चवळीच्या पाल्यात चार सोडे. सुक्या मासळीचा वास सगळ्या भाजीला लागतो आणि खाणाऱ्याला आपण काही सोडलंय असं वाटत नाही. (सोडे-जवळ्यात मीठ असतं, वरून कमी घाला. बीपीवाल्यांनी तर नक्कीच.) शेपू मुगाच्या डाळीत, अंबाडी तांदळाच्या कण्या घालून. मे संपताना शेवळं येतात ती चुकवू नका, पण काकड या झाडाच्या आंबट फळाशिवाय किंवा चिंचेशिवाय करू नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात, घसा खाजून जीव नकोसा होतो. मटण महिन्यातून दोनदा रविवारी, तेही चार तुकडे. कलेजी मी पूर्ण सोडली.

भाजी घेताना एक बघा. लोकलमधून रुळांच्या कडेला हिरवेगार वाफे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नाल्याचं पाणी मारलं जातं. ती पालक कितीही टवटवीत दिसली तरी मी घेत नाही. तुम्ही ठाण्याचे आहात, जांभळी नाक्याच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाजी घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, भाव करू नका आणि कशी शिजवायची तेही त्यांनाच विचारा. घरी आणली की पाणी निवळ दिसेपर्यंत तीन-चारदा धुवा आणि मग चिरा. चिरून धुणाऱ्यांनी बरंच सत्त्व मोरीत ओतलंच समजा.

तुमचे प्रश्न. पोटाचा फरक मला आठ-दहा दिवसांत कळला, पण पहिले चार दिवस गॅस झाला, म्हणून एकदम ढीगभर खाऊ नका आणि पाणी वाढवा. जडपणा जायला महिना लागला. वजनाला वर्ष. फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक जुडी निवडली की तिचं निम्मं उरतं, तेव्हा वाटीभर पालेभाजीने काम भागत नाही, सोबत काकडी, दुधी, फळ हवं. प्रोटीन किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम पुरे असं भारतीय शिफारस म्हणते. तुमचं वजन ६५ असेल तर ५४ ग्रॅम. दोन अंडी, वालाची उसळ, आमटी, दही आणि एक वेळ मासे यांत ते सहज बसतं. जिमवाल्या मित्रांचं ऐकून घाबरू नका.

मांस-मासळी-अंडी सगळंच सोडणार असाल तर बी-१२ तपासून घ्या, ते कुठल्याच पालेभाजीत नसतं. पाल्यातलं लोह अंगी लागायला वर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. घरात कुणी रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असेल तर त्यांच्या ताटात पालेभाजी एकदम वाढवू नका, तिच्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियमचं बघावं लागतं, मुतखडा झालेल्यांनी पालकाबद्दल विचारून घ्यावं. या तिघांनी माझं ऐकू नये, आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

दादा, तूही इथे वाचतोस हे मला माहीत आहे. तो ६.४ वाला रिपोर्ट अजून माझ्या फायलीत आहे, त्याला ९.२ वाला टाचून ठेवलाय. तुझा पाय गेल्या महिन्यात दोनदा सुजला असं वहिनी म्हणाली. रविवारी ये. आईने कुर्डू निवडायला घेतलाय, आणि रक्त तपासायला सोमवारी सकाळी मी तुला घेऊन जातो.