आधी रोजकीर्द वाच

रत्नागिरी,
नारळी पौर्णिमा

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. राम जेठमलानींच्या गाजलेल्या खटल्यांची यादी तू उतरून काढलीस आणि खाली विचारलंस, ‘इथे कोकणात राहून असं काही जमेल का?’ उत्तराला चार दिवस लागले, कारण मला ते मनापासून द्यायचं होतं.

तुझ्या यादीत चूक काही नाही. सतराव्या वर्षी कायद्याची पदवी, फाळणीनंतर सिंधमधून उखडून मुंबई, पुढे हर्षद मेहता, केतन पारेख. पण नानावटी खटल्यापाशी जरा थांब. नौदल अधिकारी नानावटींनी प्रेम आहुजांना गोळ्या घातल्या, त्याचा हा खटला. १९५९ च्या त्या खटल्याने जेठमलानींचं नाव झालं, आणि त्यात ते मुख्य वकील नव्हतेच! मृत आहुजांच्या बहिणीच्या वतीने ते खटल्यावर लक्ष ठेवून होते. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडली ती यशवंतराव चंद्रचूड यांनी, जे पुढे सरन्यायाधीश झाले. म्हणजे ज्या खटल्याने हा वकील मोठा झाला, त्यात तो दुसऱ्याच्या मागे बसला होता. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरला मी हे सांगतो, कारण मागे बसायची लाज वाटते सगळ्यांना.

हर्षद मेहताचंही तसंच. १६ जून १९९३ च्या पत्रकार परिषदेत, पंतप्रधानांना पैसे दिल्याचा दावा करताना या शेअर दलालाने दाखवलेली ती सूटकेस लोकांना आठवते. त्याच्या शेअर घोटाळ्याचं मूळ मात्र बँक रिसीट नावाच्या साध्या कागदात होतं. एका बँकेने दुसरीला रोखे विकले की प्रत्यक्ष रोखे देईपर्यंत ही पावती द्यायची पद्धत. पाठीमागे रोखेच नसताना पावत्या निघाल्या आणि त्यांवर पैसा उचलला गेला. त्यासाठी १९९२ मध्ये वेगळा कायदा करून मुंबईत विशेष न्यायालय नेमावं लागलं. अशा खटल्यात कुठली पावती कुठल्या तारखेला, कोणाच्या सहीने निघाली, हे बँकेच्या माणसापेक्षा वकिलाला जास्त ठाऊक हवं.

आणि हे इथे शिकता येतं. आपल्याकडे पतसंस्था आहेत, मच्छीमार सोसायट्या आहेत, सातबाऱ्यावर वीस-वीस नावं आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत, म्हणून बनावट कुलमुखत्यारपत्रं आहेत. आकडे लहान असतात, पण कागद तसाच खोटं बोलतो आणि तसाच पकडता येतो.

एक प्रसंग सांगतो. एका पतसंस्थेच्या रोखपाल बाईंवर अफरातफरीचा खटला होता. त्यांच्या यूजर आयडीवरून लोकांच्या मुदत ठेवी परस्पर मोडल्या गेल्या होत्या. मी एकूणएक नोंदी हाताने वहीत उतरवल्या, वेळेच्या रकान्यासकट. तीन नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या निघाल्या. मस्टरवर बाईंची जायची सही साडेपाचची. तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून आधीच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागवून घेतला. खटल्यात बाईंविरुद्ध साक्ष देणाऱ्या लेखापरीक्षकाचाच त्यात शेरा होता: शाखेत पासवर्ड गोपनीय ठेवले जात नाहीत.

उलटतपासणीत मी तो अहवाल त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, ‘हा शेरा तुमचाच ना?’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि ते पान पुन्हा वाचलं. मी गप्प उभा राहिलो. ‘होय,’ ते म्हणाले. त्यावर मी एकही प्रश्न विचारला नाही. बाई सुटल्या.

हे मला आधीच्या एका चुकीने शिकवलं. वकिली सुरू होऊन चार वर्षं झाली होती. एका सोसायटीच्या सचिवाच्या खटल्यात मी फक्त लेखापरीक्षण अहवालावर उलटतपासणी घेतली. व्हाउचरचे गठ्ठे मुद्देमालात होते, पावसाळ्याने चिकटलेले, बुरशी आलेले, ते मी सोडवून पाहिले नाहीत. शिक्षा झाली. अपिलाच्या वेळी सीनिअरांनी ते एकेक करून सुटे केले, तेव्हा वादातल्या बहुतेक व्हाउचरांवर मंजुरीची सही दुसऱ्याचीच निघाली. अपिलात तो सुटला, पण तोवर अकरा महिने तुरुंगात होता. त्याच्या घरच्यांची मी माफी मागितली आहे.

आता कागदाची जागा संगणकाने घेतली आहे, तेव्हा एक गोष्ट पक्की कर. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून आणायची तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोतकर प्रकरणात ते बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आलं आहे, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (नोंद बदललेली नाही हे तपासायचा डिजिटल ठसा) आणि तज्ज्ञाची सहीसुद्धा लागते. प्रमाणपत्रावर सही कोणाची आणि त्या माणसाचा त्या संगणकाशी संबंध काय, हे पहिल्या दिवशी बघ. मनी लाँडरिंगच्या प्रकरणात तर जामिनालाच आरोपी दोषी नसल्याचं मानायला वाजवी कारण दाखवावं लागतं. म्हणजे पूर्ण खटल्याइतकं वाचन जामीन अर्जाच्या आधीच.

तू आणखी एक विचारलंस, लोकांचे पैसे बुडवणाऱ्यांची बाजू घेताना मनाला लागत नाही का. लागतं. त्या पतसंस्थेच्या खटल्यात कोर्टाच्या फाटकाशी एक मासळी विकणारी बाई मला म्हणाली, ‘वकीलसाहेब, तुम्ही तिच्या बाजूने?’ त्यांची ठेव अडकली होती. मी त्यांना तीन नोंदींची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, ही आत गेली तर सातनंतर खुर्चीवर बसणाऱ्याला कोणी शोधणार नाही आणि तुमचा पैसाही यायचा नाही. त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. ठेवीदारांसाठी १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्यात संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. तो अर्ज कुठे आणि कसा करायचा, ते मी त्यांना लिहून दिलं. तेही आपलंच काम, असं मी मानतो.

आणखी एक. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर, म्हणजे फिरत्या खंडपीठासमोर चालतात. माझ्या तरुणपणी प्रत्येक अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. तुला आंबा घाट चढून गेलं की झालं.

सोमवारी सकाळी नऊला ऑफिसात ये. टेबलावर लाल फीत बांधलेलं एक दोषारोपपत्र असेल, ४१२ पानं. त्यातला फिर्यादीचा जबाब सोडून दे आणि थेट रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीच्या, प्रतींपासून सुरुवात कर. मार्च महिन्यात एका पानावर शिल्लक पुढे ओढताना आकडा बदलला आहे असा मला संशय आहे. पान कुठलं ते सांगत नाही. दुपारपर्यंत शोध, मग बोलू.

तुझा,
वकीलकाका