गुडघा बरा वाटतोय, मग निवड चाचणी द्यायची का?

नमस्कार ताई,

तुमची लेक अकरावीत, कबड्डीत चढाईपटू. तीन महिन्यांपूर्वी एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या एका लिगामेंटचं, ऑपरेशन झालं. आता ती सिंहगड रोडवरच्या तुमच्या घराचा जिना भराभर उतरते आणि दोन महिन्यांनी निवड चाचणी आहे. सर म्हणतात नी-कॅप घालून खेळू दे, सर्जन म्हणतात निदान नऊ महिने थांबा, आजी म्हणतात खेळच बंद करा. ऐकायचं कुणाचं, असा तुमचा प्रश्न.

चाचणीपुरतं सर्जनचं. या ऑपरेशनात बहुधा मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) काढून फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. त्यात नवा रक्तपुरवठा होऊन तो मुरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सूज उतरते, मुलं पळायला मागतात, नेमका त्याच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हा ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला टेंडन, सगळ्यात कच्चा असतो. म्हणून 'दुखत नाही' या तिच्या म्हणण्यावर जाऊ नका. नॉर्वेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या वेळा पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं.

नऊ महिने भरले की झालं, असंही नाही. फिजिओ दोन्ही मांड्यांची ताकद मोजतील, एका पायावर लांब उडी मारायला लावतील. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरायला हवा. चढाईत झटक्यात वळावं लागतं, तेही कुणीतरी घोटा धरलेला असताना. ग्राउंडला सरळ चार फेऱ्या मारल्या म्हणून त्याची खात्री पटत नाही.

आजींना विनेश फोगाटचं सांगा: २०१६ ला रिओत गुडघा गेला, २०१८ ला आशियाई सुवर्ण. सगळ्यांचं तसं होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

आता करिअर. शासकीय भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तिचं राज्य स्पर्धेतलं पदक एक चाचणी हुकल्याने रद्द होत नाही. प्रमाणपत्र कोणत्या पदांना चालेल ते क्रीडा उपसंचालक कार्यालयात विचारून घ्या. 'फिजिओ व्हायचं म्हणते' हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत, मला तेच महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे त्या प्रवेशाला 'नीट' (NEET) परीक्षा लागते, आणि तिने जीवशास्त्र घेतलंय की नाही हे पत्रात नाही. ते कळवा.

आणि सरांना भेटायला तुम्ही स्वतः जा, सर्जनची चिठ्ठी घेऊन. 'मी नाही खेळत' हे सरांना सांगायचं काम पोरीवर टाकू नका.