हिल्सबरोची ऑफर: पगाराआधी इन्शुरन्स बघा

अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या हिल्सबरोच्या नोकरीबद्दल पगार, घरभाडं, लेकीची शाळा सगळं सविस्तर विचारलंत, आणि शेवटी एकच ओळ: ‘हेल्थ इन्शुरन्स कंपनी देतेच, मग वेगळं काही बघावं लागेल का?’ लागेल, आणि तेच आधी बघा. मी ऑरेगनमध्ये नऊ वर्षं आहे. इथे जिवाला स्वस्थता आहे की नाही, हे पगारापेक्षा इन्शुरन्सच्या कार्डावर जास्त ठरतं.

पहिल्याच हिवाळ्यात रात्री दोनला बायकोच्या पोटात कळ आली. इमर्जन्सीच्या दारात गाडी लावून आम्ही वीस मिनिटं गाडीतच बसलो. मी फोनवर हॉस्पिटल नेटवर्कमध्ये, म्हणजे आमच्या इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्यांत, आहे का ते शोधतोय, ती पोट दाबून म्हणतेय, "थांबू, ओसरेल." अपेंडिक्स निघालं. निभावलं, पण पुण्यात आम्ही असे थांबलो असतो का? 2022 पासून नवा कायदा आहे, इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचं जादा बिल लावता येत नाही. तेव्हा तुम्ही सरळ आत जा.

या धास्तीचा मोठा अभ्यास याच राज्यात झालाय. 2008 मध्ये ऑरेगनने कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यासाठी चक्क सोडत काढली, कारण यादीत जवळपास 90,000 नावं होती आणि जागा थोड्या. दोनेक वर्षांनी पाहिलं तर, न मिळालेल्यांच्या तुलनेत विमा मिळालेल्यांच्या रक्तदाबात, कोलेस्टेरॉलमध्ये ठळक फरक नव्हता. पण नैराश्य सुमारे 30 टक्क्यांनी कमी, आणि उपचारांपायी कंबरडं मोडणारा खर्च जवळजवळ संपलेला. मला ते आकडे लगेच पटले.

म्हणून एचआरला नुसता प्रीमियम विचारू नका. डिडक्टिबल किती, म्हणजे आधी आपल्या खिशातून किती जाणार, आणि वर्षाचा आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, म्हणजे वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं, तिघांचा मिळून. दुसरं, हा विमा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचा विमा चालू ठेवायची कायदेशीर सोय, घेऊन साधारण 18 महिने तोच प्लॅन चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. त्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. पहिल्या वर्षी त्यासाठी थोडे पैसे बाजूला टाकाच.

आईबाबा सहसा कंपनीच्या प्लॅनमध्ये बसत नाहीत. व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या शुगर-बीपीचे नेहमीचे उपचार बहुतेक देत नाही. त्यांची तपासणी तिकडेच उरका, औषधं मुक्कामभर पुरतील एवढी आणा, सोबत प्रिस्क्रिप्शनही. सही करण्याआधी प्लॅनचा कागद हाती आला तर आकडे कळवा, मिळून बघू.