‘ऑलिंपिया’ दाखवताना काय पाहायचं?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवरचा जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांचा ‘ऑलिंपिया’ हा माहितीपट दाखवणार आहोत. त्यातली खरी स्पर्धा कुठली आणि नंतर घेतलेलं काय, हे मुलांना कसं समजवावं? – एक प्राध्यापिका, म्हापसा

उत्तर : प्रत्येक दृश्याला एकच प्रश्न विचारा : कॅमेरा कुठे होता? मॅरेथॉनमध्ये धावपटूच्या नजरेतून त्याचेच पाय दिसतात. ती दृश्यं सरावातली. पदकासाठी धावणारा गळ्यात कॅमेरा अडकवणार नाही. पोल व्हॉल्टची (लांब काठीच्या आधाराने मारायच्या उंच उडीची) अंतिम फेरी अंधार पडेपर्यंत लांबली, म्हणून खेळाडूंना पुन्हा बोलावून उड्या चित्रित केल्या. खालून आकाशावर उठणारी उडी दिसली की लगेच ती बनावट समजू नका, कारण कॅमेऱ्यासाठी मैदानात खड्डे खणले होते.

आवाज बहुतेक स्टुडिओत जोडलेला आहे. एकच प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा, मग चालू करून. फरक मुलांना आपोआप कळेल.

शेवटच्या डायव्हिंगच्या भागात नावं, गुण, निकाल सगळं हळूहळू गळून जातं आणि नुसती शरीरं उरतात. तिथे थांबा, चर्चा होऊ द्या.

‘जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूचे विजय दाखवले, मग हा नाझी प्रचार कसला?’ असं कोणी म्हणेलच. निर्मिती कंपनी नावापुरती खासगी होती, पैसा नाझी सरकारच्या प्रचार मंत्रालयाचा होता आणि चित्रपटाचा पहिला खेळ २० एप्रिल १९३८ला, हिटलरच्या वाढदिवशी झाला. हे पडद्यावर येत नाही; चित्रपट दाखवण्याआधी फळ्यावर लिहून ठेवा.